नवी गाडी आधी उन्हात बघा

पेंटरकाकांनी मागचं डावं दार उघडलं, दाराच्या आतल्या कडेचं काळं रबर नखानं जरासं उचललं आणि माझं बोट धरून त्याखाली फिरवलं. "लागलं का काही?" लागलं. गुळगुळीत पत्र्यावर केसाएवढी पायरी होती, वरून खाली सरळ गेलेली. "इथं टेप लावला होता," काका म्हणाले. "कारखान्यात बॉडी आख्खी रंगते, रबराखाली टेपची कड राहत नाही. हे दार बाहेर रंगलं."

गाडी अंगणात येऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. दसऱ्याच्या संध्याकाळी शोरूमच्या दिव्यांखाली, बॉनेटवर हार आणि चाकाखाली लिंबू, अशा गर्दीत ती मी ताब्यात घेतली. 'वाहन सुस्थितीत मिळाले' असं छापलेल्या कागदावर सहीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात मुलीनं विचारलं, "बाबा, हे दार वेगळं काऊन दिसते?" तेव्हा मी तिला म्हटलं, धूळ असेल. पण धुतल्यावरही दार वेगळंच दिसत होतं.

पुढचे चार महिने पत्रं, फोन आणि चकरा यांत गेले. त्यात जे शिकलो ते गाडी घेण्याआधी कोणी सांगितलं असतं तर एका सकाळीच सगळं निभावलं असतं. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा, कुठंही कोणी नवी गाडी घ्यायला निघालं असेल तर त्याला ते आधी माहीत असावं, म्हणून लिहितो.

पत्र्यावर काय काय असतं

रंगाचा दोष कळायला रंग कसा चढतो हे थोडं ठाऊक हवं. कारखान्यात पत्र्याची उघडी बॉडी आधी फॉस्फेटच्या द्रावणातून जाते, मग विजेच्या प्रवाहानं प्रायमर बसवणाऱ्या हौदात बुडते. गंजापासून राखतो तो हा थर, साधारण २० मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यावर दुसरा प्रायमर, त्यावर दिसतो तो रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. त्याला आपल्याकडचे पेंटर क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. तो साधारण ४० मायक्रॉनचा असतो. ऊन, पाऊस, धूळ सगळं तोच झेलतो. सगळे थर मिळून बहुतेक गाड्यांवर ९० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे डोक्याच्या दीड-दोन केसांएवढी जाडी.

हे थर भट्टीत भाजले जातात. खालचा प्रायमर १६० ते १८० अंश सेल्सियसला, वरचे थर १४० अंशांच्या आसपास. तेव्हा गाडीत ना वायरिंग असतं, ना सीट, ना काच. गाडी तयार झाल्यावर मात्र तिला इतकं तापवता येत नाही, प्लास्टिक वितळेल. म्हणून वर्कशॉपमधला रंग वेगळ्या रसायनाचा असतो आणि तो ६० अंशांच्या आसपास सुकवतात. चांगल्या हातानं, चांगल्या बूथमध्ये केलेलं काम वर्षानुवर्षं टिकतं, ते मी पाहिलंय. पण कारखान्यातला भाजलेला थर एकदा घासून काढला की तो परत मिळत नाही. पुढचं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे: दोष बारीक असेल तर मूळ रंग वाचवा, आणि दोष मोठा असेल तर गाडी आपल्या नावावर चढण्याआधी बोला.

डिलिव्हरीच्या दिवशी उशीर झालेला असतो

बहुतेक जण इथंच चुकतात, मीही चुकलो. आपल्याला वाटतं, डिलिव्हरीच्या दिवशी गाडी नीट बघू. पण नंबर पडल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या हाती द्यायची नाही असा नियम आहे. म्हणजे आपण हार घेऊन पोचतो तेव्हा विमा उतरलेला असतो, कर भरलेला असतो आणि एमएच-२९ चा क्रमांक आपल्या नावावर पडलेला असतो. त्या घडीला "ही नको, दुसरी द्या" म्हटलं तर डीलरच्या हाती नोंदणी झालेली, म्हणजे कागदोपत्री वापरातली गाडी राहते. तो सहजासहजी ऐकणार नाही.

म्हणून बुकिंग करतानाच सांगा आणि पावतीवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: चेसिस नंबर ठरला की मला गाडी बघायची आहे, मी हो म्हटल्यावरच विमा आणि नोंदणी करायची. बँकेचं कर्ज असलं तरी आपल्या वाट्याच्या रकमेतला शेवटचा हप्ता हातात ठेवा. पैसे पूर्ण पोचल्यावर आपल्या शब्दाचं वजन कमी होतं, हा अनुभव आहे.

गाडी डीलरच्या आवारात, म्हणजे स्टॉकयार्डात असते. ते कधी यवतमाळातच शोरूमच्या मागं असतं, कधी अमरावतीला किंवा नागपूरला. नागपूरला असलं तर दीडशे किलोमीटर जायला जिवावर येतं, पण जा. सणाच्या तीन-चार दिवस आधी जा. दसऱ्याला आणि धनत्रयोदशीला एकेका शोरूममधून गाड्यांची रांग निघते. तेव्हा धुणाऱ्या पोरालाही वेळ नसतो आणि आपल्यालाही मुहूर्त गाठायचा असतो.

तिथं गेल्यावर पहिलं काम कागदाचं. चेसिसवर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळवा. विक्रीच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना, वर्ष आणि बॉडीचा रंगही लिहिलेला असतो. महिना का बघायचा? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. उघड्या आवारात उन्हाळा काढलेल्या गाडीवर पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि बोअरच्या पाण्याचे डाग बसून भाजलेले असू शकतात. आठ-दहा महिने जुनी गाडी घेऊच नये असं नाही, पण ती जास्त बारकाईनं बघावी आणि भाव तसा मागावा.

आणखी एक. सिरॅमिक किंवा टेफ्लॉन कोटिंगचे पैसे गाडी बघण्याआधी भरू नका. कोटिंगच्या आधी पॉलिश मारतात, आणि बऱ्या-वाईट सगळ्या खुणा त्या चकाकीखाली काही आठवडे झाकल्या जातात.

बघायचं कसं

गाडी धुतलेली आणि कोरडी हवी. ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही, धुळीनं माखलेल्या गाडीवर काहीच दिसत नाही. आवारातून बाहेर, उघड्या उन्हात आणायला सांगा. सकाळी आठ-नऊ किंवा दुपारी साडेचारनंतरचं तिरपं ऊन सगळ्यात चांगलं. भर दुपारी डोळे दिपतात, बाकी काही हाती लागत नाही. ढगाळ असेल तर मोबाईलचा टॉर्च पत्र्याला तिरपा धरून फिरवा.

आधी दहा पावलं लांब उभं राहून गाडीला एक फेरी मारा. पुढचं दार, मागचं दार, फेंडर, बंपर, सगळ्यांची छटा एक आहे का? बंपर प्लास्टिकचा असतो आणि वेगळा रंगतो, त्यामुळे चंदेरी किंवा मोतिया रंगात त्याची छटा किंचित निराळी दिसते. ती बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत असते, त्यावरून भांडू नका. पण पत्र्याच्या दोन दारांत फरक असेल तर थांबा.

मग जवळ जा आणि रंगाकडे नाही, रंगातल्या प्रतिबिंबाकडे बघा. विजेचा खांब किंवा समोरच्या इमारतीची कड दारात पडू द्या आणि हळूहळू चालत राहा. चांगल्या पत्र्यावर ती रेघ सरळ सरकते. ती एकाच जागी थरथरली, वाकली किंवा पसरट झाली तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असू शकते किंवा पत्रा ठोकून सरळ केलेला असू शकतो. पोलादाच्या दाराला चिकटणारा पातळ मॅग्नेट लांबीवर ढिला पडतो. मॅग्नेट कापडात गुंडाळूनच लावा, नाहीतर ओरखडा आपलाच.

हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून अलगद फिरवा. उघड्या हाताला जाणवत नाहीत ते खडे पिशवीतून स्पष्ट लागतात. गाडी आधी धुतलेली असणं इथं महत्त्वाचं, नाहीतर तीच पिशवी धूळ घासेल. सुटे सुटे खडे म्हणजे रंगात बसलेली धूळ. पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसले तर ते बहुधा वाहतुकीत किंवा आवारात उडालेले लोखंडाचे कण. गंजल्यावर ते रंगात रुतून बसतात, पण योग्य द्रावणानं आणि पेंटरकडच्या क्लेनं, म्हणजे चिकण मातीसारख्या गोळीनं, निघतात.

आता दारं उघडा. बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा किंवा तुटलेला रंग दिसतो का? बॉनेटचे आणि डिकीचे बोल्टही बघा. कारखान्यात हे बोल्ट बॉडीबरोबर रंगतात. पाना लागला की रंग तुटतो, म्हणजे तो पत्रा कधीतरी उतरवला होता. मग रबर उचलून टेपची पायरी शोधा. माझ्या दारावर सापडली तीच. चाकांच्या वरच्या काळ्या प्लास्टिकवर, काचेच्या कडेला, नंबरप्लेटच्या मागं रंगाची फवारल्यासारखी धूळ आहे का? ती असली तर जवळ कुठंतरी रंग फवारायची बंदूक चालली आहे.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडे आणि विम्याच्या सर्व्हेअरकडे असतं. कोणाचं मिळालं तर सोनं. प्रत्येक पत्र्यावर चार-पाच जागी मोजा. आकडा किती येतो यापेक्षा शेजारच्या पत्र्याशी जुळतो का ते महत्त्वाचं. सगळीकडे ११० ते १३० आणि एका दारावर २६० लागलं, तर ते दार पुन्हा रंगलं आहे. ५०० च्या पुढं गेलं तर खाली लांबी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही, ॲल्युमिनियमवर दोन्ही धातू मोजणारंच यंत्र लागतं.

एवढं सगळं करायला पाऊण तास लागतो. सेल्समन कंटाळेल. "काही होत नाही भाऊ, पॉलिशनं निघून जाते," म्हणेल. त्याच्याशी वाद नको. त्याच्यावरही महिन्याचा आकडा गाठायचा ताण असतो. शांतपणे प्रत्येक जागेचा फोटो काढा, एक जवळून, एक लांबून.

कुठला दोष सोडायचा, कुठला नाही

आपण विदर्भातले, संत्र्याची साल आपल्याला सांगायला नको. रंगाच्या पृष्ठभागावर तशाच बारीक खळग्या दिसतात, त्याला धंद्यात संत्र्याची सालच म्हणतात. फवारलेला थेंब पूर्ण पसरण्याआधी सुकला की ती पडते. थोडी साल जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीवर असते आणि तिनं टिकाऊपणाला धक्का लागत नाही. उलट एकच दार आरशासारखं सपाट आणि बाकी गाडीवर साल, असं दिसलं तर त्या सपाट दाराचा संशय घ्या. माझ्या मुलीला वेगळं दिसलं होतं ते हेच होतं. दार वाईट नव्हतं, जास्तच गुळगुळीत होतं.

एखाद-दुसरा खडा, उन्हात दिसणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा, पाण्याचे ताजे डाग, हे हलक्या पॉलिशनं जातं. पण ते कोण करणार ते विचारा. जाड कटिंग-पॉलिश एका फेरीत लॅकरचे दोन-चार मायक्रॉन खातं. मुळात आहेत चाळीसच. नव्या गाडीवर तीनदा कटिंग झालं तर आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांनी छत पांढरट पडतं आणि पोपडे निघतात.

नखाला लागणारा ओरखडा पॉलिशनं जात नाही. तो प्रायमरपर्यंत गेला नसेल आणि आडजागी असेल, तर मी तरी दार रंगवून घेण्यापेक्षा ब्रशनं टचअप करून घेईन आणि त्याबद्दल किंमत कमी करून मागेन. दार रंगवलं की छटा जुळवण्यासाठी शेजारच्या पत्र्यावरही रंग पसरवावा लागतो. एका ओरखड्यासाठी दोन पत्र्यांचा मूळ थर जातो.

ओघळ, सुईनं टोचल्यासारखी छिद्रं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे हे रंगाच्या कामातले दोष. खळगे बहुतेकदा सिलिकॉन किंवा तेलाच्या कणानं पडतात. ते लॅकरमध्येच असतील तर कंपनीचा माणूस बघून ठरवू शकतो.

फुगे, सुटलेला पोपडा, रंगाखालून डोकावणारा गंज, लांबी भरलेला पत्रा आणि न सांगता पुन्हा रंगवलेला कोणताही भाग, यांच्यावर मात्र तडजोड करू नका. गाडी अजून नावावर झाली नसेल तर सरळ दुसरी मागा. "हीच नीट करून देतो" याला नाही म्हणा. नाही म्हणायला तिथं कोणताही कायदा आड येत नाही.

घरी आल्यावर दिसलं तर

दिसलं त्याच दिवशी लिहा. फोन करा, पण फोनवर थांबू नका. शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ईमेल पाठवा, दोघांनाही एकमेकांचा पत्ता दिसेल असा. त्यात विशेषणं नकोत, माहिती हवी. मी शेवटी लिहिलं ते असं होतं:

'दि. अमुक रोजी आपल्याकडून घेतलेल्या, चेसिस क्रमांक अमुक असलेल्या वाहनाच्या मागील डाव्या दाराची छटा व पृष्ठभाग इतर भागांहून वेगळा आहे. दाराच्या आतील रबराखाली टेपची कड आहे. रंगाची जाडी त्या दारावर २६० व इतरत्र ११० ते १३० मायक्रॉन भरते. किलोमीटर २१४. छायाचित्रे जोडली आहेत. वाहन ताब्यात देण्याआधी या दारावर कोणते काम झाले, केव्हा व का, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.'

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. दुरुस्ती मागण्याआधी खुलासा मागा. गाडी आत घेतली तर जॉब कार्ड घ्या, आणि त्यावर 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात आपलेच शब्द लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असं लिहिलेलं कार्ड पुढं काहीच सिद्ध करत नाही. वॉरंटीची पुस्तिका काढून रंगाचं पान वाचा. दगड लागणं, पक्ष्यांची विष्ठा, चीक, रसायनं यांमुळे झालेलं नुकसान बहुतेक पुस्तिकांत वगळलेलं असतं. म्हणून उशीर केला की आपल्यावरच ढकलायला वाव मिळतो. वणीकडे कोळशाच्या ट्रकांमागं महिनाभर फिरलेल्या गाडीवरचा टवका कारखान्यातला हे कोणाला पटवणार?

"इन्शुरन्समध्ये टाकून देऊ, तुमचा एक पैसा जात नाही," असं कोणी म्हटलं तर ठाम नकार द्या. तो दावा आपल्या नावावर लागतो, पहिल्या वर्षी दावा नसल्यास मिळणारी २० टक्के सूट जाते, आणि न झालेला अपघात झाला म्हणून सही आपण केलेली असते. कारखान्यातल्या किंवा वाहतुकीतल्या दोषाचं ओझं विमाधारकानं उचलायचं कारणच नाही.

पुन्हा रंगवायचंच ठरलं तर काही अटी लेखी घ्या. काम धूळबंद बूथमध्ये व्हावं, उघड्या शेडमध्ये नाही. रंग गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या रंगाच्या कोडचाच असावा. दारावर काम असेल तर हँडल, रबर आणि काचेची पट्टी उतरवून व्हावं, टेप लावून नाही. त्या भागाच्या रंगाची लेखी हमी वेगळी मिळावी. आणि गाडी परत घेताना पुन्हा उन्हात बघावी, संध्याकाळी नाही.

दाद कुठं मागायची

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथं तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातली आपल्यासाठी सगळ्यात मोलाची सोय ही, की गाडी नागपुरात घेतली असली तरी तक्रार आपण राहतो तिथल्या, म्हणजे यवतमाळच्या आयोगात करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जातं. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती ही व्यवस्था सुरू आहे. निकालावर समाधान नसेल तर राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरात बसतं, मुंबईला जावं लागत नाही.

याच कायद्यात जुनी, दुरुस्त केलेली, नूतनीकरण केलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही त्यातच येतं. आपल्या अर्जात हे दोन मुद्दे यायला हवेत.

पण खटला कसा मांडावा हे गोव्यातल्या एका प्रकरणावरून शिकण्यासारखं आहे. तिथल्या ग्राहकानं २०११ ची नवी गाडी म्हणून पैसे मोजले आणि हाती आली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली, अंगभर ओरखडे असलेली. ग्राहक मंचानं डीलर आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरलं, राष्ट्रीय आयोगानंही तेच कायम ठेवलं. १८ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मात्र कंपनीला मोकळं केलं. डीलर आणि कंपनी यांचे व्यवहार स्वतंत्र होते, आणि डीलरनं काय केलं ते कंपनीला ठाऊक होतं असं तक्रारीत नेमकं मांडलेलं नव्हतं, हे त्यामागचं कारण. म्हणून दोघांनाही प्रतिपक्ष करा आणि कोणाची चूक काय हे वेगवेगळं लिहा. दोष कारखान्यातला असेल तर तसं, आवारातला किंवा वाहतुकीतला असेल तर तसं. कंपनीला पहिल्या दिवसापासून ईमेल करायचा तो याचसाठी. तिला माहीत होतं हे मग कागदावर असतं.

मागणीही बेतानं करा. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात २९ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, त्यासाठी आख्खी गाडी बदलून मागता येत नाही. ग्राहकाला त्रासाबद्दल ५० हजार रुपये मिळाले. एका दारासाठी नवी गाडी मागितली की उरलेला न्याय्य दावाही हलका होतो. दार बदलून किंवा दुरुस्ती, मूल्य घटल्याची भरपाई, चकरांचा आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा आणि फोटो, जॉब कार्ड, जाडीचे आकडे जोडा. दोष वादाचा असेल तर आयोग तो तज्ज्ञ संस्थेकडून तपासून घेऊ शकतो.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. अमेरिकेतल्या अलाबामात आयरा गोर या डॉक्टरांनी जानेवारी १९९० मध्ये ४० हजार डॉलरची काळी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी ते गाडी चमकवून घ्यायला गेले, तेव्हा कारागिरानं सांगितलं की ही आधीच एकदा रंगवली आहे. वाहतुकीत आम्लाच्या पावसानं डागाळलेला रंग कंपनीनं ६०१ डॉलरमध्ये दुरुस्त करून गाडी नवी म्हणून विकली होती. किमतीच्या ३ टक्क्यांच्या आतली दुरुस्ती ग्राहकाला सांगायची नाही, असं कंपनीचं धोरणच होतं. ज्युरीनं नुकसानभरपाई ४ हजार डॉलर ठरवली आणि दंड ४० लाख डॉलर. अलाबामाच्या न्यायालयानं तो दंड २० लाखांवर आणला, पण तोही अवाजवी असल्याचं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २० मे १९९६ ला ठरवलं आणि शेवटी तो ५० हजारांवर आला. मला यातला दंड मोठा वाटत नाही, तो कारागीर मोठा वाटतो. डॉक्टरांना नऊ महिन्यांत जे दिसलं नाही ते त्याला पाहता क्षणी दिसलं. आपल्या गावातला एखादा जुना डेंटर-पेंटर गाडी बघायला सोबत न्या. हजार-पाचशे रुपये आणि पेट्रोल आनंदानं द्या.

ट्रॅक्टर आणि दुचाकीबद्दल थोडं. स्वतःच्या शेतीसाठी ट्रॅक्टर किंवा स्वतः चालवून पोट भरण्यासाठी पिकअप घेतला तरी माणूस ग्राहकच राहतो. 'हे व्यावसायिक वाहन आहे' असं सांगून कोणी वाटेला लावू लागलं तर हे माहीत असू द्या. दुचाकीची टाकी सगळ्यात आधी बघा, झाकणाभोवती आणि सीट उचलून. पेट्रोल सांडून रंग सुरकुतला असेल तर तिथंच दिसतो.

पूजेच्या दिवशी आणि नंतर

हाराला तार असते. ती बॉनेटवर घासू देऊ नका, खाली मऊ कापड टाका. कुंकवाचं स्वस्तिक त्याच संध्याकाळी ओल्या कापडानं टिपून घ्या, पांढऱ्या गाडीवर ते उन्हात डाग धरतं. बोअरचं पाणी जड असेल तर उन्हात गाडी धुऊ नका आणि धुतल्यावर लगेच पुसा. कोळशाची किंवा काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्यानं कधीच झटकू नका. पक्ष्याची विष्ठा दिसली की पाणी टाकून मऊ होऊ द्या, मग उचला.

पुन्हा रंगवलेल्या भागावर पहिला महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग नको, आतलं द्रावण बाहेर पडायला वेळ लागतो.

आमच्या बाबतीत चार महिन्यांनी लेखी खुलासा आला: आवारात दुसऱ्या गाडीचा धक्का लागून दार चेपलं होतं, म्हणून ते ठोकून रंगवलं. दार बदलून देतो म्हणाले. पेंटरकाका म्हणाले, "हे काम बरं झालंय, नवं दार बसवताना चौकटीचे बोल्ट खोलतील, ते नको." मी दार तेच ठेवलं, त्याच्या रंगाची पाच वर्षांची लेखी हमी घेतली आणि मूल्य घटल्याबद्दल रक्कम घेतली. पावसाळा संपला की मी त्या दाराची खालची कड उघडून बघतो. पाणी जायची छिद्रं काडीनं मोकळी करतो आणि फुगा धरलाय का ते बोटानं चाचपतो. फुगा दिसला तर हमीचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात, आरसीच्या शेजारी ठेवलेला आहे.